घरामागच्या परसात भाजी, कोंबड्या आणि शेळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरामागे दोन ते पाच गुंठे मोकळी जागा आहे आणि जे वर्षभर तिथेच राहतात, अशा कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. हिशेब चार माणसांच्या घराचा धरला आहे. कोकणात पाऊस आणि झाडोरा जास्त असतो, तर माणदेशात, मराठवाड्यात पाणी कमी. त्यामुळे आकडे आपल्या गावाप्रमाणे थोडे वर-खाली करून घ्या.

परसातून घराचं सगळं अन्न निघेल का?

नाही, आणि हे सुरुवातीलाच नीट समजून घेतलं तर पुढची निराशा टळते. चार माणसांच्या घराला वर्षाला साधारण पावणेपाचशे ते पाचशे किलो धान्य लागतं. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार क्विंटल आली, तर गुंठ्याला दहा किलो पडते. म्हणजे घरापुरत्या ज्वारीलाही एक एकराहून जास्त रान हवं. पाण्याखालचा गहू एकरी सोळा क्विंटल धरला तरी बारा गुंठे लागतात. धान्य, तेल, मीठ आणि बरीचशी डाळ बाहेरूनच येणार.

परस देतो त्या गोष्टी वेगळ्या आहेत: रोजची भाजी, अंडी, लिंबू-पपई-केळी, मिरची-कढीपत्ता-आलं-हळद, चहापुरतं दूध, खत आणि पुढच्या वर्षाचं बी. पोषणाच्या दृष्टीने ताटात सर्वात कमी पडणाऱ्या वस्तू नेमक्या याच असतात, म्हणून मला हा खटाटोप मोलाचा वाटतो.

दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल, हा विचार महाराष्ट्रात श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने फार गांभीर्याने मांडला. त्यांचा भर पानावर पडणारं ऊन, मातीतला जैविक कचरा आणि पाणी यांचा अगदी बारीक हिशेब ठेवण्यावर होता. परस लहान असला तरी तो हिशेब सुटत नाही.

सुरुवात कुठून करावी? आधी कोंबड्या आणाव्यात की आधी भाजी?

आधी पाणी, मग माती, मग कुंपणाकडेची झाडं, मग भाजी, त्यानंतर कोंबड्या आणि सगळ्यात शेवटी शेळी. या सगळ्यामागे नियम एकच आहे: चारा आधी, जनावर नंतर. ज्या जिवाचं खाणं, पाणी आणि निवारा परसात तयार नाही, तो जीव आणू नये. बाजारात गोजिरवाणी करडं बघून ती घरी आणली जातात आणि चार महिन्यांनी चारा विकत घ्यायची वेळ येते. मग वर्षाच्या आत ती विकली जातात आणि "हे काही परवडत नाही" असा निष्कर्ष निघतो. न परवडण्याचं कारण शेळीत नसतं, ती लवकर आणली यात असतं.

पहिल्या पावसाळ्यात शेवगा, हादगा, शेवरी, कढीपत्ता, लिंबू आणि पपई लावा. दिवाळीनंतर कोंबड्या आणा. शेळीचा विचार दुसऱ्या वर्षी.

पाणी किती लागतं? उन्हाळ्यात बाग जगेल का?

कडक उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे दोनशे चौरस फुटांच्या वाफ्यांना रोज सुमारे शंभर लिटर. चार माणसांच्या घरात अंघोळीचं आणि भांड्यांचं मिळून तेवढं पाणी रोज मोरीतून वाहून जातंच. तेव्हा उन्हाळी बाग दोनशे चौरस फुटांच्या आत ठेवावी आणि बाकीचे वाफे पालापाचोळ्याने झाकून मोकळे सोडावेत. सगळं परस मे महिन्यात हिरवं राहावं हा हट्ट विहिरीलाच खाली नेतो.

मोरीचं पाणी थेट पालेभाजीला देऊ नका. ते आधी केळी, अळू, कर्दळ यांच्या चरातून जाऊ द्या. केळी आणि अळू त्या पाण्यावर सुरेख वाढतात. भांडी राखेने घासली तर उत्तमच. साबणाचा फार फेस असलेलं कपड्यांचं पाणी मात्र वेगळं काढलेलं बरं.

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छप्पर पाचशे चौरस फुटांचं, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर असेल आणि वर्षाला ५०० मिमी पाऊस होत असेल, तर २३,००० लिटर. गळती आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी वजा जाता १८,००० लिटर हाती लागतं. ते सगळं साठवायला टाकी कोणाकडेच नसते. पण पाच हजार लिटरची टाकी भरून ठेवली आणि उघडली नाही, तर एप्रिल-मेमधले पन्नास दिवस निघतात. बाकीचं पाणी शोषखड्ड्यातून विहिरीकडे किंवा बोअरकडे वळवा.

फळझाडांना मडकं पुरणं अजूनही सर्वात स्वस्त ठिबक आहे. न भाजलेलं चालत नाही आणि रंग दिलेलं पाझरत नाही. साधं कुंभाराचं मडकं गळ्यापर्यंत पुरावं आणि तोंडावर झाकण ठेवावं.

जागा मुरमाड आहे. भाजी येईल का?

येईल, पण पहिल्या वर्षी जास्त अपेक्षा नको. मुरमात दीड-दोन फूट खणत बसण्यापेक्षा वर माती चढवणं सोपं जातं. तळाशी तूरकाट्या आणि वाळला पाला, त्यावर शेणखत, वर चाळलेली माती, असा फूटभर उंच वाफा विटांच्या किंवा दगडांच्या कडेत भरा. पावसाळ्यात तो दबतो, तेव्हा पुन्हा भर घाला. काळ्या चिकण मातीत उंच वाफा पाण्याचा निचरा होण्यासाठी हवा. चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेल्या जमिनीत मात्र आधी माती तपासून घ्या, कारण तिथे नुसतं खत घालून भागत नाही.

परसात काय काय लावावं?

वर्षानुवर्षं टिकणारं आधी लावा. शेवग्याचं एक झाड घरापुरतं पुरतं, पण दोन असली की छाटणी आलटून-पालटून करता येते. कोकणात दापोलीच्या विद्यापीठाचं 'कोकण रुचिरा' आणि इतरत्र तमिळनाडूतून आलेलं 'पीकेएम-१' हे वाण सहज मिळतात. झाड तीन-चार फुटांवर छाटत राहिलं नाही तर शेंगा आभाळात लागतात आणि वादळात फांद्या मोडतात. शेंगांइतकीच त्याच्या पाल्याचीही भाजी करा. परसात यापेक्षा पौष्टिक पाला क्वचितच दुसरा असेल. हादग्याची फुलं माणसांना, पाला शेळीला. कढीपत्ता, कागदी लिंबू, दोन-तीन पपया आणि मोरीजवळ केळी व अळू एवढी चौकट झाली की मग हंगामी भाज्या.

मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, दोडका, घोसाळी, कारली, दुधी, लाल भोपळा आणि वाल टोकावा. पावसाळ्यात टोकलेला वाल हिवाळाभर शेंगा देतो. मी तर म्हणेन, जागा एकाच वेलाला असेल तर वालच लावा: ओल्या शेंगा, सोले, वाळलेले दाणे आणि पाला, सगळं उपयोगी पडतं. नवरात्रापासून पुढे मेथी, पालक, शेपू, मुळा, कोथिंबीर, गाजर, टोमॅटो, वांगी आणि मिरची. पालेभाजी एकदम सगळी पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक लहान पट्टा पेरला की सलग खायला मिळते. उन्हाळ्यात माठ, अंबाडी, काकडी आणि सावलीच्या कडेला थोडी कोथिंबीर.

झाडाखालची सावलीची जागा हळद, आलं आणि सुरण यांना द्या. कोकणात कोनफळ आणि करांदे या कंदांचे वेल कुंपणावर चढवता येतात. त्यांच्याकडे कोणी फार बघत नाही आणि तरी ते मुकाट्याने येतात.

कोंबड्या किती आणि कोणत्या जातीच्या घ्याव्यात?

प्रत्येकाला आठवड्याला चार अंडी धरली, तर चार माणसांना वर्षाला ८३२ अंडी लागतात. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, म्हणजे बारा-तेरा कोंबड्या झाल्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी काढलेली ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे जाते, तेव्हा पाच-सहा पुरतात. वनराज त्याच संस्थेची आणि गिरिराज बेंगळुरूच्या विद्यापीठाची. या दोन्ही अंगाने भारी असल्यामुळे अंडी आणि मांस अशा दोन्हींसाठी चालतात.

केवळ अंड्यांचा आकडा बघून सगळ्या सुधारित कोंबड्या घेतल्या, तर एक अडचण येते. त्या सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत. शिवाय त्या संकरित असल्याने त्यांच्या पिल्लांत आईचा गुण जसाच्या तसा उतरत नाही. दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. गावरान कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं काढते आणि घारीपासून ती राखतेसुद्धा. म्हणून माझं मत असं: चार ग्रामप्रिया, चार गावरान आणि एक कोंबडा. अंडी साडेआठशेच्या घरात जातात आणि कळप आपला आपण चालू राहतो.

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. सातव्या-आठव्या रात्री अंडं टॉर्चसमोर धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. रवणी, म्हणजे कोंबडीखाली उबवायची अंडी, दिवाळीनंतर घाला. ऐन पावसाळ्यातली पिल्लं ओलीने आणि रोगाने फार मरतात.

पिल्लं विकत घ्यायची असतील तर पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या शासकीय अंडी उबवणी केंद्रांत आधी नोंदणी करावी लागते. आई नसलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसची ऊब हवी, पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करायची. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, दिव्यापासून लांब पांगली तर उकडतंय.

कोंबड्यांना रोज काय घालायचं?

मोठी कोंबडी दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाते. दिवसभर मोकळी फिरली तर निम्मं तरी स्वतः उकरून मिळवते. नऊ कोंबड्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा किलोच्या आसपास ज्वारी-बाजरी-मक्याची चुरी, जोडीला स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं आणि शेवग्या-मेथीचा पाला. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात घालू नका. त्यातलं विष कोंबडीचं यकृत खातं.

प्रथिनांसाठी वाळवीचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. मडक्यात ओलं शेण, फाटकं गोणपाट आणि कडब्याचे तुकडे कोंबून, थोडं पाणी शिंपडून ते वारुळापाशी पालथं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात वाळवी भरलेली असते. वाढत्या पिल्लांना यासारखा खुराक नाही. अझोल्याचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचा, लहान खड्डा केला तर तोही उपयोगी, पण त्याला सावली आणि रोजची देखभाल लागते.

अंड्याचं कवच पातळ यायला लागलं तर कॅल्शियम कमी पडतंय. शिंपल्यांचा चुरा किंवा अंड्याची टरफलं भाजून, कुटून एका वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल तेवढं त्या स्वतः खातात.

मानमोडी आली की सगळ्या जातात. काय करायचं?

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. त्याला औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा तीच, आणि आठ-दहा आठवड्यांनी पंखाखाली आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. मध्ये गंबोरो आणि देवी या रोगांच्या लशी असतात. नेमकं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या.

खरी अडचण वेगळीच आहे. लशीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, ती बर्फात ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. नऊ कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या दहा-पंधरा घरांनी दिवस ठरवून एकत्र लसीकरण करावं. रोग कुंपण मानत नाही, शेजारच्या कोंबड्या वाचल्या तर आपल्याही वाचतात. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्यावर हे काम अर्ध्या तासात उरकतं. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा डालून ठेवायचा, ही शिस्तही सगळ्यांनीच पाळायला हवी.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते उकिरड्यावर फेकू नका, खाऊ नका, विकू नका. लगेच दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून या कळवण्याचं महत्त्व सरकारी यंत्रणाही जाणते.

मुंगूस, घूस आणि मांजरांपासून खुराडं कसं वाचवायचं?

जमिनीपासून दोन फूट उंच खुराडं, पक्ष्यामागे दीड-दोन चौरस फूट जागा आणि अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. साधी षटकोनी कोंबडीजाळी कुत्रं फाडतं. घूस खालून येते, म्हणून खुराडं जमिनीवर असेल तर जाळी फूटभर खाली पुरून बाहेरच्या बाजूला वळवा. दिवस मावळला की दार लावणं हे घरातल्या एकाच माणसाचं ठरलेलं काम असावं. "मला वाटलं तू लावलंस" या एका वाक्यात आख्खा कळप जातो.

निम्मी पिल्लं नर निघतात. त्यांचं काय?

हा प्रश्न आधी घरात बोलून घ्या. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो, बाकीचे भांडतात आणि दाणे संपवतात. गावरान कोंबड्याला जत्रेच्या आणि आखाडाच्या दिवसांत चांगला भाव येतो, श्रावणात तो पडतो. घरात मांस खात नसतील आणि विकायलाही मन धजत नसेल, तर रवणी न घालता फक्त अंड्यांच्या कोंबड्या ठेवा, कोंबड्याशिवायही त्या अंडी देतात. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी झालेल्या कोंबडीबद्दलचा निर्णयही त्याच बैठकीत करून टाका.

शेळ्या किती ठेवता येतील?

दोन. एकटी शेळी ओरडते, हुरहुरते आणि नीट खात नाही. एका मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळला चारा आणि पाव किलो खुराक लागतो. पाणी असेल तर एका गुंठ्यात वर्षाला टनभर संकरित नेपिअर गवताचा चारा निघतो, म्हणजे दिवसाला तीन किलोसुद्धा नाही. दोन शेळ्यांना सात-आठ किलो हवा. म्हणून दोन गुंठे चारा आणि शिवाय कुंपणभर शेवरी, हादगा, सुबाभूळ असल्याशिवाय, किंवा चरायला हक्काचं माळरान असल्याशिवाय शेळी नको. सुबाभळीचा पाला एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, त्यात मिमोसिन नावाचं घातक द्रव्य असतं.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या जाती चार: उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. आपल्या भागातली घ्या. उस्मानाबादीला जुळी करडं बऱ्याचदा होतात, पण दूध अर्धा ते एक लिटरच असतं, आणि त्यातलं करडांचं आधी. संगमनेरी दुधाला थोडी बरी.

बोकड पाळू नका. शेळी साधारण दर एकवीस दिवसांनी माजावर येते, तेव्हा गावातल्या चांगल्या बोकडाकडे न्या. कोणाकडे नेलं ते लिहून ठेवा, म्हणजे पुढे बाप-लेकीचा संकर होणार नाही. गाभण काळ पाच महिन्यांचा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआर या साथीच्या रोगाची लस आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर जंताचं औषध, एवढं चुकवलं नाही तर निम्मे आजार दारातच येत नाहीत.

शेळी आणि भाजी यांच्यात पक्कं कुंपण हवंच. उघडं फाटक दिसलं की शेळी वर्षभराची पपई एका दुपारी संपवते.

गाय, ससे, मधमाश्या यांचं काय?

गाय पाच गुंठ्यांत बसत नाही. तिला रोज पंधरा-वीस किलो हिरवा आणि पाच-सहा किलो वाळला चारा हवा, शेतीची जोड असेल तरच पाळा.

ससे मराठवाडा-विदर्भात नकोत. पारा पस्तिशीच्या वर गेला की त्यांना त्रास होतो. रानातून धरलेला ससा पाळणं तर गुन्हाच आहे.

मधमाश्या जरूर पाळा, पण आजूबाजूला फुलोरा असेल तर आणि फवारणी कमी असेल तर. सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरी मधमाशी पेटीत चांगली राहते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे जाऊन पेट्या बघून या. मध मिळो न मिळो, भोपळ्या-दोडक्याची फळधारणा वाढते.

कोंबडीची विष्ठा थेट झाडाला घालावी का?

नाही. ती ताजी असताना उष्ण पडते आणि मुळं जाळते. शिवाय त्यातले जंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर जातात. खुराड्यात भाताचं तूस किंवा भुसा पसरा, तो विष्ठेसकट काढून पाल्याबरोबर खड्ड्यात तीन-चार महिने कुजवा. लेंडीखतही कुजवूनच. गांडुळांना ताजं शेण चालत नाही, आठ-पंधरा दिवस थंड झालेलं द्या आणि कोंबड्यांना त्या वाफ्याजवळ फिरकू देऊ नका.

कीड आली तर फवारायचं काय?

आधी हाताने वेचा. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला की आतल्या अळीसकट खुडून नष्ट करा. दोडका-कारल्याला फळमाशी लागते, कोवळ्या फळावर कागदी पिशवी बांधा आणि किडलेली फळं जागेवर न टाकता पुरा. माव्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो वाळल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, दहा लिटर करा आणि थोडा साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. भाजीवर रासायनिक औषध मारलं तर तिथे कोंबड्या सोडता येत नाहीत, परसातलं सगळं चक्रच थांबतं.

बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं का?

संकरित वाणांचं घ्यावं लागतं. म्हणून परसात देशी आणि सरळ वाण लावा. वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांचं बी सहज शुद्ध राहतं. भोपळ्यांत मात्र शेजारच्या वेलाचा पराग येतो. चांगल्या वेलीवरची पहिली निरोगी फळं खायचा मोह आवरून पूर्ण जून होऊ द्या. बी धुऊन सावलीत वाळवा, राखेत घोळा आणि मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच घरच्या बियांतून बीजबँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी एकट्याने सांभाळण्यापेक्षा तीन-चार घरांत वाटून ठेवा, एकाकडचं गेलं तर दुसऱ्याकडे राहतं.

चार दिवस गावाला जायचं असेल तर?

कोंबड्या आणि भाजी शेजारी सांभाळतील, शेळी आणि दूध काढणं अवघड. ज्या शेजाऱ्यावर काम सोपवायचं त्याला आधीपासून अंडी-भाजी जात असू द्या, आणि त्याच्या गैरहजेरीत त्याचं आपण बघा.

शहरात गच्चीवर हे जमेल का?

भाजी जमेल. ओल्या मातीचं वजन फार असल्याने कुंड्यांत निम्म्याहून जास्त पालापाचोळ्याचं खत भरा आणि त्या भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवा. कोंबड्यांसाठी महापालिकेचे नियम आणि सोसायटीची संमती दोन्ही आधी विचारा.

एप्रिल ते जून परसात फार काही नसतं. तेव्हा ताटात काय?

वाळवण. हिवाळ्यातच मेथी सावलीत वाळवून डब्यात भरा, गवार आणि कोवळी भेंडी चिरून वाळवा, वालाचे दाणे आणि लाल मिरच्या साठवा. कोहळ्याचे सांडगे घाला. जून लाल भोपळे देठासकट काढून कोरड्या हवेशीर जागी टांगले तर काही महिने टिकतात. त्याशिवाय मोरीजवळचा अळू, शेवग्याचा पाला आणि दोनशे फुटांतला माठ चालू असतोच. उन्हाच्या तडाख्यात कोंबड्या अंडी कमी घालतात. त्यांना दिवसभर सावली आणि मातीच्या भांड्यात गार पाणी द्या, ते दुपारी एकदा बदला.